सहाचे चार करायला गेलो

ज्याला आजच कळलं आहे की आपल्याला टीबी झालाय, त्याच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही, पण पहिला नंबर त्याचा. तू आत्ता दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या पारावर बसला असशील. हातात कागद असेल आणि घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली असेल. मीही त्याच पारावर बसलो होतो. आज माझं वजन आजाराच्या आधीपेक्षा जास्त आहे, खोकला नावालाही नाही, आणि भांडायची ताकद तर दुप्पट झाली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल.

मी सोपान. लोक सोपानआबा म्हणतात. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण बाजारात. लहानपणी दुसऱ्याची मेंढरं राखली, मग स्वतःच्या चार शेळ्या केल्या, मग शेळ्यांचा व्यापार. शिरूर कासारपासून चकलांब्यापर्यंत एकही आठवडी बाजार असा नाही जिथं मी रुमालाखाली हात घातलेला नाही. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात घालतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. या रुमालाच्या जोरावर मी घर बांधलं, मुलाला शिकवलं आणि शेवटी चार गावं आणि आजूबाजूच्या वस्त्या गोळा करून सहकारी दूध संस्था काढली. पहिला चेअरमन मीच. ही संस्था लक्षात ठेव, माझं खरं दुखणं तिथं आहे. टीबी काय, तो बरा झाला.

पहिला भाव

ते दुष्काळाचं पहिलं साल होतं. विहिरी आटल्या होत्या, जनावरांच्या छावण्या लागायच्या होत्या, आणि मी दोन महिने खोकत होतो. मी म्हणायचो, धुरळा आहे. आमची कारभारीण शांताबाई म्हणायची, "धुरळा काय तुमच्या एकट्याच्याच नाकात जातो का? गाव का खोकत न्हाई मग?"

शेवटी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं मी त्याला नावं ठेवणार आहे आणि नंतर त्याचीच तारीफ करणार आहे. पहिल्या दिवशी नंबर लागेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्या दिवशी थुंकी तपासायला डबी मिळाली, पण शिक्का राहिला म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला जोशी डॉक्टरांसमोर बसलो. पोरगेलासा डॉक्टर, कोकणातला. खिडकीतून बाहेरचं उजाड रान बघायचा तेव्हा चुकून दुसऱ्याच गाडीतून उतरल्यासारखा दिसायचा.

"आबा, टीबी आहे. पूर्ण बरा होतो. सहा महिने गोळ्या घ्यायच्या."

लोक सांगतात की अशा वेळी पायाखालची जमीन सरकते. माझी काही सरकली नाही. भीती वाटली की माझा हात आपोआप रुमालाकडं जातो, एवढंच. खांद्यावरचा रुमाल काढला, टेबलावरच्या डॉक्टरच्या हातावर टाकला आणि खालून त्याची चार बोटं दाबली.

डॉक्टर दचकला. "अहो आबा, नाडी मी बघायची असते."

बाजूला मुलाणी सिस्टर उभ्या होत्या. जन्म गेलेला आमच्याच भागात. त्या पोट धरून हसल्या. "सर, आबा भाव करायलेत. चार म्हनतेत."

"चार काय?"

"चार म्हैने. सहा लई होतात म्हनतेत."

डॉक्टरनं हात काढून घेतला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "सहा म्हणजे सहा, आबा."

मी मान हलवली. मनात म्हटलं, पहिला भाव सगळे असाच सांगतात.

बाजाराला जातो म्हणून

गोळ्यांचा एक डबा असतो. त्यावर तुझं नाव लिहितात आणि तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत. माझ्या नावाची पहिली पाटी संस्थेच्या भिंतीवर लागली, दुसरी या डब्यावर. गावातल्या आशाताईंकडं डबा ठेवता आला असता, पण मग गावाला कळलं असतं. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी बाजाराला जातो असं सांगून तालुक्याला जायचो आणि सिस्टरांसमोर गोळ्या गिळायचो.

"गिळली का? तोंड उघडा. जीभ वर करा."

"मी काय शेळी हाय का दात बघायला?"

"शेळी असती तर आतापर्यंत गिळली असती, आबा. कावून तरास देताय?"

मळमळायचं. लघवी लाल व्हायची, त्यानं पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो. सिस्टर म्हणाल्या, गोळी पोटात गेली याची ती पावती आहे. तुलाही होईल, घाबरू नकोस. दुसऱ्या महिन्यात भूक उघडली. भाकरीचा वास इतका गोड असतो हे मला त्या वयात पहिल्यांदा कळलं. शांताबाई तव्यावरची भाकरी ताटात टाकेपर्यंत मी धीर धरत नव्हतो.

खुर्ची

गावात बातमी कशी फुटली माहीत नाही. फुटली खरी. एका शुक्रवारी मी दवाखान्यात जीभ वर करून उभा असताना इकडं संस्थेची बैठक झाली. माझा व्हाइस चेअरमन वसंतराव. याला मीच बोट धरून आणलं होतं. तो बैठकीत बोलला, "दुधाच्या संस्थेचा चेअरमन खोकणारा नको. लोक दूध घेतील का आपलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी परत आलो तर खुर्ची गेलेली. आठवड्यात पाटी बदलली.

दुधाच्या प्रत्येक कॅनला घट्ट झाकण पाहिजे हा नियम संस्थेत मी आणला होता. तेव्हा हाच वसंतराव म्हणाला होता, झाकणाचा खर्च कशाला. हे मी विसरलेलो नाही. लिहिताना आत्ताही माझा कान तापला आहे.

सुनेनं माझ्या तांब्याला लाल दोरा बांधला, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून त्यातून पाणी पिऊ नये. ती वाईट नव्हती, तिला भीती होती. पण संस्थेत दोरा, घरात दोरा. मी त्या दिवसांत जेवायलाही पाठ करून बसायचो.

माझी चूक

आता जे सांगतो ते दोनदा वाच. तीन महिने झाले. खोकला गेला, अंगावर मांस आलं, जिना चढताना दम लागेना. मला वाटलं, आपण चार मागत होतो, सौदा तीनातच सुटला. विकणारा फसला की घेणारा जसा न बोलता बाजारातून लवकर निघतो, तसा मी निघालो. दवाखान्यात जाणंच बंद केलं.

सिस्टरांचा फोन आला की सांगायचो, "मी लांब हाय, जिल्ह्याच्या बाहेर." एकदा त्यांनी उलट विचारलं, "जिल्ह्याच्या बाहेर तुमच्या त्याच कोंबड्याचा आवाज कसा येतोय?" मी फोन ठेवून दिला. आजाराला गंडवलं या आनंदात होतो. आयुष्यभर समोरच्याला दोन पावलं मागं ढकलून जगलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

श्रावण आला, पाऊस आलाच नाही. शिरूरच्या बाजारात एका शेळीचा सौदा चालला होता. रुमालाखाली समोरच्याचा हात माझ्या हातात. खोकला आला. मी दुसऱ्या हातानं तोच रुमाल ओढून तोंडाला लावला आणि परत टाकला. त्यानं खाली बघितलं आणि हात असा ओढला जसा विंचू चावला. रुमाल लाल झाला होता. शेळी त्याची तशीच राहिली, मी तसाच दवाखान्यात.

जोशी डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी परत रागावलो असतो.

"आबा, आता नव्यानं सुरुवात. आठ महिने. आणि पहिले दोन महिने इंजेक्शनही."

सहाचे चार करायला गेलो, त्याचे आठ झाले. माझ्या जन्मातला सगळ्यात वाईट सौदा. मी रुमालाकडं हातच नेला नाही. सिस्टरांनी तो माझ्या खांद्यावरून काढला, नवा धुतलेला दिला आणि माझ्या तोंडाला बांधला. "आता ह्याचं हेच काम."

दोरा

या खेपेला मी गावाला सांगून टाकलं. गावच्या पारावर उभा राहून सांगितलं, मला टीबी आहे, गोळ्या अर्ध्यात सोडल्या म्हणून परत आलाय, कुणाला खोकला असेल त्यानं माझ्यासोबत चलावं. दोघं जण दुसऱ्या दिवशी गुपचूप आले. एकाला नुसती सर्दी होती.

इंजेक्शनं संपली, डॉक्टरनं सांगितलं की आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. त्या दिवशी घरी शांताबाईनं चहा केला आणि माझ्याच दोरा बांधलेल्या तांब्यातून सगळ्यांसमोर घोटभर पाणी प्यायली. सून चौकटीत उभी. शांताबाई तिला म्हणाली, "बांध आता मला बी एक दोरा. दोघांचं जोडीनं दिसंल तरी." सुनेनं दोरा दातानं तोडला आणि चुलीत टाकला. मी बाहेर जाऊन उगाच गोठ्यातला दावणीचा खुंटा हलवून बघितला. डोळ्यात धूर गेला होता असं समज.

सगळ्यात जास्त बोंबलणारा

आता दवाखान्याची गोष्ट. ही इंजेक्शनांच्या पहिल्या महिन्यातली आहे.

मी सिस्टरांची वाट बघत पारावर बसलो होतो. माझ्या शेजारी एक बाई, गयाबाई. डोंगरातल्या वस्तीची, दरसाल दसऱ्याला नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाणारी. माझ्यासारखाच खोकला. ती तिसऱ्यांदा आली होती. साडेबाराला तिच्या रस्त्याची एकुलती एक गाडी निघायची, आणि बाराला तिच्यापुढं अजून रांग उभी होती. ती उठली, पदर झटकला.

"कुठं निघाली, बाई?"

"गाडी जाईल, आबा. आता कारखान्यावरनं आल्यावर बघू."

कारखान्यावरून आल्यावर म्हणजे पाडव्याला. मी तिचा खोकला ऐकत होतो. तो मला ओळखीचा होता, पाडव्यापर्यंत तो तिला थांबू देणार नव्हता. माझं डोकं फिरलं. मी चिठ्ठीच्या खिडकीसमोर गेलो आणि जो आवाज लावला, तो मेडिकल स्टोअरपर्यंत गेला असेल. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "कोण बे तू?" मी म्हटलं, "तुझ्या पगाराचं कारण हाय मी. पेशंट!"

गयाबाई तेवढ्यात निघून गेली. पण जोशी डॉक्टर बाहेर आले आणि हसायला लागले. वरून एक कागद आला होता म्हणे: बाह्यरुग्ण विभागाची सुधारणा करा, प्रकल्प करा, समिती नेमा, त्यात एक रुग्ण प्रतिनिधी घ्या. कागद महिनाभर पडून होता, प्रतिनिधी मिळत नव्हता.

"सिस्टर, कुणाला घ्यायचं?"

सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यात जास्त बोंबलतो त्याला घ्या. घरचाच माणूस हाय."

खुर्ची गेलेल्या माणसाला समिती मिळाली. मला किती आनंद झाला ते मी कुणाला दाखवलं नाही. लगेच हो म्हणायचं नसतं. "बघतो," म्हटलं.

फक्की

समितीची पहिली बैठक दीड तास चालली आणि तिच्यात चहा सोडून काही पुढं सरकलं नाही. दवाखान्याचे मोठे साहेब म्हणाले, गर्दी फार आहे, माणसं कमी आहेत. मी म्हटलं, "साहेब, आमच्या संस्थेत सकाळी याच्याहून जास्त माणूस दूध घालायला येतो. दीड घंट्यात मोकळा. कावून? एका दारानं आत येतो, दुसऱ्या दारानं बाहेर जातो. कुणाला माघारी धाडत न्हाईत." ते म्हणाले, दवाखाना वेगळा असतो. ज्याला बोललेलं पटत नाही त्याला दाखवावं लागतं.

उन्हाळ्यात छावणीत जनावरांचे पट्टे आखायला फक्की वापरली होती, म्हणजे पांढरा चुन्याचा भुगा. त्यातली उरलेली अर्धी गोणी माझ्याकडं होती. जुन्या तुपाच्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, डबा फक्कीनं भरला आणि दोरीनं कमरेला मागं बांधला. तोंडाला रुमाल होताच. गयाबाईला निरोप धाडून बोलावून घेतली होती, गाडीची सोय माझी. सकाळी ती चिठ्ठीच्या खिडकीशी उभी राहिली आणि मी तिच्यामागं.

"तू रोजच्यासारखी चाल. जिकडं धाडतेत तिकडं जा."

ती चालली. खिडकीवरून खोली चार, म्हणजे डॉक्टर. तिथून आवार ओलांडून खोली नऊ, थुंकीच्या डबीसाठी. तिथं सांगितलं, शिक्का नाही, खिडकीवर जा. परत खिडकी, परत नऊ. मग चार. मग औषधं. ती जिकडं वळली तिकडं डबा झुलत होता आणि मागं पांढरी रेघ पडत होती. महालक्ष्म्यांचे दिवस जवळ आले होते. लोक हसायला लागले तशी गयाबाईच मागं वळून बोलली, "आबा, मी म्हालक्ष्मी हाय का काय? पावलं काढायलेत माझी!" एक म्हातारी तर खरंच बाजूला सरून हात जोडून उभी राहिली.

अकरा वाजता मोठे साहेब राउंडला आले. सगळ्या फरशीवर पांढऱ्या रेघांचा गुंता, शेळ्यांनी खेळून टाकलेल्या दोरखंडासारखा. चिठ्ठीच्या खिडकीसमोर तर फरशीच दिसत नव्हती.

"हे कुणी केलं?" साहेब ओरडले.

मी म्हटलं, "तुमीच केलंय, साहेब. मी निस्तं आखलंय."

मला वाटलं, आता गेली समिती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि रेघेवरून चालायला लागले. स्वतः. चार, नऊ, खिडकी, नऊ, चार. तिसऱ्या वळणावर दम लागून बाकावर बसले. "शिक्का खिडकीवर का आहे?" त्यांनी विचारलं.

क्लार्क म्हणाला, "साहेब, शिक्का माझ्या ताब्यातला हाय. पहिल्यापासून."

त्या दिवशी दुपारी शिक्का खोली नऊमध्ये गेला. त्याला निधी लागला नाही. मागचं दार कित्येक वर्षं मोडक्या खाटांनी बंद होतं आणि त्याची किल्ली कुणाकडंच नव्हती. कुलूप मी दगडानं तोडलं. ते तोडताना मला जे सुख झालं, ते मी वसंतरावाला सांगणार नाही. थुंकीची डबी लिंबाखाली मोकळ्या हवेत द्यायला लागलो. फरशी पुसायला तीन दिवस गेले, त्याबद्दल सफाईच्या ताईंनी मला ज्या शिव्या घातल्या त्या मी मान खाली घालून घेतल्या.

लांबचं दूध

तरी अर्धंच काम झालं होतं. तालुक्याचे लोक सकाळी सात वाजता चप्पल काढून रांगेत ठेवायचे आणि घरी चहा प्यायला जायचे. डोंगरातला माणूस नऊला यायचा तेव्हा त्याच्यापुढं चाळीस चपला.

संस्थेत आमची एक रीत होती. सगळ्यात लांबच्या वस्तीचं दूध आधी घ्यायचं. ते उन्हातून आलेलं असतं, थांबलं तर नासतं. गावातल्याचं दूध घरात सावलीत असतं. याच्यावर कुणी कधी भांडलं नाही, कारण नासलेलं दूध सगळ्यांच्याच नावाला बट्टा लावतं. मी समितीत हे मांडलं: नंबर आल्यावर देऊ नका. कुठून आला ते विचारा. ज्याची परतीची गाडी आधी, त्याचा नंबर आधी. फक्त फार आजारी माणूस असला तर तो सगळ्यांच्या पुढं.

पहिल्या सोमवारी राडा झाला. एक इस्त्रीचा शर्ट माझ्या अंगावर आला. "मी सातपासून उभा हाय!"

"तुमी न्हाई, तुमची चप्पल उभी हाय. चपलेला काय आजार हाय का?"

"मी साहेबांचा माणूस हाय, माहीत हाय का?"

"मग साहेबांच्या गाडीनं जा की. ती साडेबाराला थोडीच निघती?"

रांग हसली. माणूस हसला की अर्धा नमतो, हे मी बाजारात शिकलोय. तो पण शेवटी गालात हसला आणि बसला. पंधरा दिवसांत तोच नव्या माणसांना रीत समजावून सांगत होता, जशी काही त्यानंच काढली.

गयाबाईची थुंकी त्याच आठवड्यात तपासली. टीबीच निघाला. तिनं डॉक्टरला विचारलं, "किती म्हैने?" डॉक्टरच्या आधी मीच बोललो, "सहा. आन भाव करायचा न्हाई. मी करून बसलोय." दसऱ्याला ती ऊसतोडीला गेली तेव्हा तिच्या नावाचा डबा तिच्या आधी तिकडच्या दवाखान्यात पोहोचला होता. जोशी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून पाठवला.

रुमालाखाली

ते सालही कोरडंच गेलं. पण माझे आठ महिने गेले, एकही खाडा नाही. शेवटच्या तपासणीत थुंकी स्वच्छ निघाली. सिस्टर म्हणाल्या, "जीभ वर करा." मी केली. "काई न्हाई, सवय म्हणून म्हनले." शांताबाई नारायणगडावर जाऊन पेढे वाटून आली.

आता माझ्या मनात एकच गोष्ट होती. पुढच्या आठवड्यात संस्थेची वार्षिक सभा होती, तिच्यात चेअरमन नव्यानं निवडायचा होता. हातात स्वच्छ रिपोर्ट, आणि वस्त्यांवरचे लोक माझ्या बाजूला. प्रत्येक इंजेक्शनाला, प्रत्येक गोळीला मी वसंतरावाचा चेहरा आठवला होता.

आणि वसंतराव स्वतःच दवाखान्यात आला. मी पारावर होतो, तो शेजारी बसला.

"आबा, भांडण नको. अर्धी मुदत तुमी घ्या खुर्ची, अर्धी मी."

खुर्ची मागायची वाट बघत वर्ष काढलं आणि ती अशी चालत आली. मी खुश व्हायला पाहिजे होतं. पण माझं लक्ष फाटकाकडं होतं. साडेनऊ वाजले होते आणि डोंगराच्या वाटेवरून कुणी आलं नव्हतं, कारण त्यांची सकाळची गाडी बंद झाली होती. लांबच्याचा नंबर आधी हे खरं, पण लांबचा पोहोचला तर. आणि आमच्या संस्थेचा टेम्पो त्याच वस्त्यांवरून रोज नऊला तालुक्यात येत होता. दुष्काळानं दूध आटलं होतं, अर्धा टेम्पो रिकामा.

निवडणूक लढवली तर मी जिंकेन किंवा हरेन. टेम्पो आत्ता वसंतरावाच्या हातात होता, आणि वसंतराव आत्ता माझ्या हातात. व्यवहार मला कळतो. आणि खरं सांगायचं तर चेअरमनच्या खुर्चीत मी इतका कधी हसलो नव्हतो जितका या पारावर.

मी रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला. तो चपापला. लोक बघायला लागले.

"खुर्ची तुझी तुला. टेम्पोत पेशंटला जागा किती, ते बोल. रोज."

"दुधाच्या गाडीत? खोकणारी माणसं?"

"गाडी उघडी हाय. खोकणाऱ्याच्या तोंडाला रुमाल राहील. आन कॅनला झाकण हाय. झाकण कुणी बसवलं, आठवतं का?"

रुमालाखाली त्याची बोटं हलली. दोन. मी आधी पाच, मग एक, अशी सहा दाबली. त्यानं तीन केली. मी सहा. त्याच्या तळव्याला घाम आला. त्यानं चार दाबली आणि धरून ठेवली, म्हणजे आता सोडा, हा शेवटचा भाव.

समोरच्या खोलीच्या दारात जोशी डॉक्टर उभा राहून बघत होता.

"सहा म्हणजे सहा, वसंतराव," मी मोठ्यानं म्हटलं. "चारात काय मिळतं ते मला विचार."

त्यानं हात झटकला नाही. सहा दाबली.

राग गेला का? नाही. संस्थेवरून जाताना ती पाटी बघितली की अजून थुंकावंसं वाटतं. पण उघड्यावर थुंकू नका हे मीच शिकवत फिरतो, म्हणून गिळतो. आणि सोमवारी नऊला टेम्पो येतो, आधी कॅन उतरतात, मग सहा माणसं उतरतात. पाडव्यानंतर एका सोमवारी त्यात गयाबाई होती. चांगली गरगरीत. तिच्या गोळ्या नुकत्याच संपल्या होत्या. "आबा," ती लांबूनच ओरडली, "सहाचे सहा म्हैने गोळ्या घेतल्या की न्हाई ते डॉक्टरला इचारा!"

तर तू आता पारावरून ऊठ. चिठ्ठीची खिडकी डाव्या हाताला आहे. कुठून आलास ते तिथं सांग. लांबून आला असशील तर आधी तू.